माशी आणि दाणा

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशीं, वरच्या अंगाला, जो लहानसा लोखंडी उंचवटा असतो त्याला आपल्या जुन्या मराठींत ‘माशी’ म्हणत. नळीवर येऊन बसलेल्या माशीएवढाच तो जिन्नस. तेव्हां हें नांव सहज पडलें असावें. गंमत अशी कीं, हजारों कोस दूरच्या रशियन भाषेंतही याच वस्तूला ‘मुश्का’, म्हणजे लहानशी माशी, असेंच म्हणतात. उलट त्या रशियाच्या अगदीं कुशीस लागून असलेल्या फिनलंडांत मात्र तिला ‘युवॅ’, म्हणजे धान्याचा दाणा, हें नांव आहे. स्वीडिश व जर्मन लोकांचा शब्दही दाण्याचाच, आणि तुर्कांचा तर थेट जवाच्या दाण्याचा. फिनिश भाषेंत एखादी गोष्ट माणसाच्या नीट ध्यानांत आली म्हणजे तो ‘दाण्यावर आला’ असें म्हणण्याचा प्रघात आहे.

लोखंडाच्या एकाच तुकड्याला कोणी माशी म्हणावें, कोणी दाणा म्हणावें, यांत इतिहासाच्या अभ्यासकानें गुंतून पडण्यासारखें काय आहे, असें वाचक विचारतील. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत असा एक प्रसंग घडून आला कीं, ज्या रायफलींवर रशियाची माशी बसलेली होती त्याच रायफलींवर एका लहानशा राष्ट्राला आपला दाणा बसवावा लागला. हें काम कानशीनें, हातोडीनें आणि बारीक पेंचांनीं झालें. त्याची नोंद तहनाम्यांत किंवा सेनापतींच्या चरित्रांत सांपडत नाहीं. तथापि परक्याकडून आलेलें साधन आपलें कसें होतें, या प्रश्नाचें उत्तर या क्षुद्र दिसणाऱ्या कामांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें तें मोठमोठ्या जाहीरनाम्यांत दिसत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही माशी करते काय, तें पाहूं. नळीची रेषा वेगळी आणि डोळ्याची रेषा वेगळी. गोळी नळीबाहेर पडल्या क्षणापासून पृथ्वीकडे ओढली जाते. म्हणून दूरचें लक्ष्य गांठावयाचें तर नळीचें तोंड किंचित् वर रोखावें लागतें. हें ‘किंचित्’ म्हणजे नेमकें किती, तें ठरविणारी जोडी म्हणजे डोळ्याजवळची खांच आणि तोंडाजवळची माशी. खांचेच्या मधोमध माशी आणि माशीच्या माथ्यावर लक्ष्य, अशीं तिन्हीं एका रेषेंत आलीं म्हणजे नेम धरला गेला. मागची खांच उंच केली कीं नळीचें तोंड वर जातें; माशी उंच केली कीं तें खालीं येतें. यामुळें माशीचा न्याय वरवर पाहणाराला उलटा भासतो. गोळी वर जात असेल तर माशी वाढवावी, खालीं पडत असेल तर ती घासावी. गोळी उजवीकडे जात असेल तर माशीही उजवीकडेच सरकवावी. जिकडे चूक तिकडेच तिला न्यावी, म्हणजे चूक नाहींशी होते.

या सुधारणेचें प्रमाण किती सूक्ष्म असतें तेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. खांच व माशी यांमध्यें ६० सेंटिमीटरांचें अंतर धरलें तर माशीच्या उंचींत एका मिलिमीटरचा फरक पडल्यानें ३०० मीटरवर गोळी अर्धा मीटर वर किंवा खालीं जाते. रुंदीचेंही तसेंच आहे. २ मिलिमीटर रुंदीची माशी डोळ्यापासून एक मीटरवर असेल तर ती ३०० मीटरवर ६० सेंटिमीटरांचा पट्टा झांकून टाकते. म्हणजे उभा माणूस तिच्या आड जातो. ती फार बारीक करावी तर संधिप्रकाशांत किंवा झाडींत डोळ्याला सांपडत नाहीं. शिवाय मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्पष्ट पाहूं शकतो. खांच, माशी आणि लक्ष्य या तिघांपैकीं स्पष्ट कोणास ठेवावें? नवशिका लक्ष्याकडे पाहतो. जाणता नेमबाज माशीकडे पाहतो आणि लक्ष्य थोडें धूसर राहूं देतो.

अशा कामांत मोठमोठीं साम्राज्येंही कशीं फसतात याचें एक उदाहरण येथेंच देऊन ठेवतों. १८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांशीं इंग्रजांचें युद्ध जुंपलें, तेव्हां राखून ठेवलेल्या नव्या ली-एन्फील्ड रायफली बाहेर काढण्यांत आल्या. त्या हातीं पडल्यावर असें आढळून आलें कीं, ५०० यार्डांवर त्यांची गोळी १८ इंच उजवीकडे जाते. हिशेब केला तर हजारांत एकाचें हें अंतर. माशीपाशीं तें पाऊण मिलिमीटरच्या आंतच भरावें. जगांतील सर्वांत मोठ्या साम्राज्याचे कारखाने, तपासनीस आणि कोठारें या सर्वांच्या नजरेंतून तेवढी जागा निसटली; आणि ती चूक कागदावर न सांपडतां प्रत्यक्ष गोळी झाडल्यावरच सांपडली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. रशियाच्या सैन्यानें १८९१ सालीं जी रायफल स्वीकारली तिची घडण मुख्यतः सेर्गेई मोसिन या रशियन अधिकाऱ्याची. बेल्जममधील नागां यांच्या रचनेंतलेही कांहीं भाग तींत घेतलेले होते. तिला ‘तीन रेषांची’ रायफल म्हणत, कारण इंचाचा दहावा भाग म्हणजे एक रेषा, आणि नळीचें छिद्र अशा तीन रेषांचें होतें. अंतराचें मापही रशियाचें स्वतःचें होतें. त्याचें नांव ‘अर्शिन’. आपल्या गजाच्या जातीचें हें कापड मोजण्याचें माप; एक अर्शिन म्हणजे सुमारें ७१ सेंटिमीटर. मागच्या खांचेखालीं ज्या पायऱ्या होत्या त्यांतली सर्वांत खालची ४०० अर्शिनांची, म्हणजे सुमारें २८४ मीटरांची. त्याहून जवळचें लक्ष्य आलें तर शिपायानें खालीं नेम धरून अंदाजानें भागवून घ्यावें, अशी अपेक्षा होती.

त्या रायफलीची आणखी एक संवय होती. रशियन पायदळाचा शिपाई संगीन म्यानांत ठेवीत नसे; ती सदैव नळीवर चढविलेली असे. म्हणून कारखान्यांत नेम जुळवितांनाही संगीन चढवूनच जुळवीत. संगीन काढली कीं नळीच्या कंपांत फरक पडे आणि गोळी आपली जागा सोडी. त्यांत १९०८ सालीं गोळी बदलली. पूर्वीची बोथट गोळी सुमारें १४ ग्रॅम वजनाची होती. नवी अणकुचीदार गोळी १० ग्रॅमांहूनही हलकी व पुष्कळ वेगवान निघाली. तिच्या सपाट मार्गाशीं जुन्या पायऱ्या जुळेनात, तेव्हां १९१० च्या सुमारास कोनोवालोव यांच्या रचनेची नवी मागची पट्टी बसविण्यांत आली. तात्पर्य, नेमाच्या या लहानशा सामानांत रशियाचें कापडाचें माप, रशियाची संगिनीची परंपरा, आणि मोकळ्या मैदानांत दुरून येणाऱ्या फळीवर मारा करण्याची रशियाची युद्धकल्पना, या तिन्ही गोष्टी लोखंडांत उतरलेल्या होत्या.

फिनलंड १८०९ पासून रशियाच्या झारच्या सत्तेखालीं होता. ६ डिसेंबर १९१७ रोजीं त्यानें स्वातंत्र्य जाहीर केलें, आणि दोन महिन्यांच्या आंत तेथें लाल व पांढऱ्या पक्षांत यादवी सुरू झाली. या यादवींत व तिच्या पाठोपाठच्या बंदिवासांत तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. हीं माणसें ज्या रायफलींनीं मारलीं गेलीं त्यांत रशियाच्या सैन्यानें मागें टाकलेल्या ‘तीन रेषांच्या’ रायफलींचा मोठा वाटा होता. यादवी संपली तेव्हां नव्या राष्ट्राच्या कोठारांत शस्त्रें पुष्कळ होतीं, पण तीं सर्व दुसऱ्याच्या मापाचीं होतीं. आणि पहिला प्रयोग भावाच्या छातीवर झालेला होता. ही गोष्ट पुढच्या सर्व कथेंत आपण विसरतां कामा नये.

नव्या रायफली घेण्याइतका पैसा त्या राष्ट्राकडे नव्हता. जुन्या टाकून देण्याइतकी उधळपट्टीही परवडणारी नव्हती. म्हणून आहेत त्याच सुधारून घेण्याचा मार्ग त्यानें धरला. माप बदलणें हें पहिलें काम. फिनलंडांत मीटर रुळलेला होता. अर्शिनाच्या आंकड्यांवर ठोसा मारून ते रद्द करण्यांत आले व शेजारीं मीटरचे आंकडे कोरण्यांत आले. दुसरें काम उंचीचें. फिनलंड हा अरण्यांचा व सरोवरांचा देश. तेथें माणूस माणसाला दिसतो तो बहुधा शेंदीडशें मीटरवर. २८४ मीटरांहून जवळ येऊंच न शकणारा नेम तेथें काय कामाचा? संगीनही तेथें सदैव चढविलेली नसे. तेव्हां गोळी खालीं आणण्यासाठीं माशी उंच करावी लागली. जुनी माशी काढून तिच्या जागीं उंच पातें बसवावें, आणि मग प्रत्येक रायफल स्वतंत्रपणें झाडून पाहून तें पातें योग्य उंचीस आणावें, असें हें काम होतें.

या कामाचा एक नियम सर्व देशांतील शस्त्र-कारागिरांस ठाऊक आहे. नवी माशी बसवावयाची तर ती लागेल त्याहून थोडी उंचच घ्यावी. कारण कानशीनें लोखंड कमी करतां येतें, वाढवितां येत नाहीं. पातें घट्ट बसलें पाहिजे. बैठकीची खोबण सैल असेल तर दर बाराला नेम हलेल, आणि पातें ठोकून बसवितांना बळ अधिक झालें तर बैठकच फुटेल. माथा सपाट व कांठ सरळ हवेत. माथा कलता राहिला तर उजेड ज्या बाजूनें येईल त्या बाजूला डोळा फसतो. लोखंड चकाकत असेल तर तें काळें करावें लागतें. मग थोडें घासावें, बार काढावेत, गोळ्या कोठें पडल्या तें पाहावें, पुन्हां थोडें घासावें. एक ओढ अधिक झाली कीं पहिल्यापासून आरंभ. एका रायफलीचें माप दुसरीस चालत नाहीं. हजारों रायफलींवर हें काम ज्या हातांनीं केलें त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत.

तिसरें काम बाजूच्या चुकीचें. जुनी माशी उजवीडावीकडे सरकवावयाची म्हणजे हातोडी व छिन्नीचा प्रयोग. तो अजमासानेंच व्हावयाचा. फिनिश सैन्यानें १९२७ सालीं आणि ‘सुओयेलुस्कुन्ता’ नांवाच्या स्वयंसेवक रक्षकदलानें १९२८ सालीं ज्या आंखूड रायफली सिद्ध केल्या त्यांच्यावर माशीच्या दोन्ही अंगांस उभे कान आले. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे असलेली .३०३ रायफल ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हे कान डोळ्यांसमोर आणणें अवघड जाणार नाहीं. त्यांचें पहिलें काम माशीला धक्क्यापासून वांचविणें. परंतु फिनिश कारागिरांनीं त्यांच्यांत समोरासमोर बारीक पेंच बसविले. एक सैल करून दुसरा आवळला कीं माशी केसभर सरकते आणि तेथेंच अडकून राहते. ज्या कामाला पूर्वी हातोडी लागे तें आतां पेंचकसानें होऊं लागलें.

हा खर्च भागला कसा, तेंही सांगण्याजोगें आहे. १९२४ सालापासून या रक्षकदलानें झिजलेल्या नळ्यांच्या जागीं स्वित्झर्लंड व जर्मनी येथून नव्या जाड नळ्या आणविल्या. त्यासाठीं ‘लोट्टा स्वेर्द’ या स्त्रियांच्या संघटनेनें पैसा गोळा केला, आणि म्हणून त्या रायफलींना लोकांनीं ‘लोट्टाची रायफल’ असेंच नांव दिलें. पुढें रिहिमॅकी येथील दलाच्या स्वतःच्या कारखान्यांत, जो पुढें ‘साको’ या नांवानें जगभर प्रसिद्ध झाला, १९२८ च्या रायफलीचा मागचा नेमही नव्या रचनेचा झाला. या रायफलीला ‘अठ्ठावीस-तीस’ म्हणतात. तिची गोळी इतकी नेमकी पडे कीं, १९३७ सालीं हेलसिंकी येथें भरलेल्या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धेंत तीच वापरली गेली. अर्शिन मोजणारी, संगिनीवर विसंबलेली ती जुनी रायफल अवघ्या वीस वर्षांत अशी पालटली. आंतला बंदोबस्त मात्र मोसिनचाच राहिला. तो चांगला होता, आणि चांगलें तें परक्याचें म्हणून टाकून देण्याचा हट्ट फिनिश लोकांनीं धरला नाहीं.

न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, सोव्हिएट रशिया या काळांत स्वस्थ बसलेला नव्हता. १९३० सालीं त्यानेंही आपली रायफल सुधारली. अर्शिन जाऊन मीटर आला, आणि उघड्या पात्याच्या जागीं गोल कड्याच्या आंत उभी केलेली बारीक खुंटी आली. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली दोन घरीं वाढल्या, दोघींनींही जुनें माप टाकलें, आणि दोघींनींही आपापल्या माशीला छत्र दिलें. एकीनें कान, दुसरीनें कडें. मग ३० नोव्हेंबर १९३९ रोजीं त्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

त्या हिवाळी युद्धाची कथा येथें सविस्तर सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तें १०५ दिवस चाललें. त्यांतील एका माणसाचें नांव मात्र आमच्या विषयाला चिकटलेलें आहे. सिमो हॅय्हॅ हा रौत्यॅर्वी गांवचा शेतकरी. उंची सुमारें १६० सेंटिमीटर, स्वभाव अबोल, आणि रक्षकदलाच्या नेमबाजींत बक्षिसें मिळविलेला. कोल्ला नदीच्या आघाडीवर, पारा शून्याखालीं ४० अंशांकडे झुकलेला असतां, त्यानें ‘अठ्ठावीस-तीस’ रायफलीनें जे नेम घेतले त्यांत पांचशेंहून अधिक माणसें पडलीं असें त्याच्या नांवावर मांडण्यांत येतें. त्यानें दुर्बीण वापरली नाहीं. दुर्बिणीसाठीं डोकें थोडें वर काढावें लागतें. थंडींत तिच्या कांचेवर बाष्प धरतें. आणि उन्हाच्या तिरिपेनें ती चमकली कीं शत्रूला जागा कळते. साधी खांच आणि साधा दाणा यांना यांतला एकही दोष नाहीं. तोंडांतील वाफ दिसूं नये म्हणून तो तोंडांत बर्फ धरून पडून राही. ६ मार्च १९४० रोजीं शत्रूची गोळी त्याच्या जबड्यांतून गेली. तो शुद्धीवर आला तो १३ मार्चला, ज्या दिवशीं युद्ध थांबलें त्याच दिवशीं. पुढें तो २००२ सालापर्यंत जगला. युद्धांत केलेल्या कामाविषयीं विचारणारांस तो थोडक्यांत एवढेंच सांगे कीं, जें सांगितलें गेलें तें आपण आपल्याकडून होईल तितकें नीट केलें.

हें उत्तर वाचून आमच्या मनाचें पूर्ण समाधान होत नाहीं, आणि तें व्हावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. दाण्याच्या माथ्यावर जीं पांचशें डोकीं आलीं तींही बहुधा शेतकऱ्यांचींच होतीं. कोणी युक्रेनमधून आणलेले, कोणी व्होल्गाकांठचे, ज्यांना त्या अरण्याचें नांवही ठाऊक नव्हतें. फिनलंडचा पक्ष त्या हिवाळ्यांत न्यायाचा होता. त्यावर चाल करून आलेलें राज्य त्याच्याहून कित्येक पटींनीं मोठें होतें. तरीही तहांत त्याला कारेलियाचा मोठा भाग सोडावा लागला आणि चार लाखांहून अधिक माणसें घरेंदारें टाकून पश्चिमेकडे निघाली. परंतु त्याच रायफली १९१८ सालीं भावाभावांत चालल्या होत्या, आणि १९४१ सालीं हिटलरच्या जर्मनीच्या बरोबरीनें चाललेल्या युद्धांतही त्याच चालल्या. तिन्ही वेळां दाणा सरळच होता. कारागिरानें घासून दिलेली माशी नेम दाखविते. नेम कोणावर धरावा तें ती सांगत नाहीं.

१९४४ च्या शस्त्रसंधीनंतर तें रक्षकदल मोडण्यांत आलें, आणि लोट्टांची संघटनाही. रायफली मात्र राहिल्या. कांहीं शिकाऱ्यांच्या हातीं गेल्या, कांहीं नेमबाजीच्या मैदानांवर, कांहीं परदेशांतील संग्राहकांच्या भिंतींवर. अशी जुनी रायफल विकत घेणारा हौशी मनुष्य आजही तिच्यावर बाजारांत मिळणारी नवी माशी बसवूं पाहतो; ती खोबणींत मावत नाहीं म्हणून कानस घेऊन बसतो; आणि थोडें घासावें, बार काढावा, पाहावें, पुन्हां घासावें, हाच जुना पाठ गिरवितो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिरांचा तो, नकळत कां होईना, शिष्यच होय.

आमच्या मतें या कथेंतून घेण्यासारखें तें एवढेंच. परक्याकडून आलेली वस्तु हातीं येतांच आपली होत नाहीं. फेंकून दिल्यानें मनुष्य स्वतंत्रही होत नाहीं. तिच्यांत भरलेलें परकें माप ओळखावें, आपल्या अरण्याचें अंतर मोजावें, आणि लागेल तेवढाच भाग, झाडून पाहत पाहत, बदलावा. हें काम कष्टाचें व अप्रसिद्ध आहे. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘शिस्त’ हा शब्द आपण आज वागणुकीच्या अर्थानें वापरतों. पण जुन्या मराठींत शिस्त धरणें म्हणजे नेम धरणें असाही त्याचा अर्थ होता. दोन्ही अर्थ एकाच शब्दांत नांदले हें योग्यच झालें. ज्याच्या हातांत नेम आहे त्याच्या अंगीं शिस्त असावी, आणि त्या शिस्तींत लक्ष्याकडे पाहण्यापूर्वीं स्वतःच्या माशीकडे पाहण्याची संवय असावी; म्हणजे निदान चूक झाली तर ती कोठें झाली हें तरी कळेल.